तापलेलं अ‍ॅल्युमिनियम हेड कुणाच्या हातात द्यायचं? एका सीएनजी टॅक्सीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी वॅगन आर, के-१० इंजिनवाली, कंपनी फिटेड सीएनजी, पिंपरी-चिंचवडमध्ये टॅक्सीला चालते. मालकच ड्रायव्हर, गाडीवर हप्ता चालू, घर त्याच गाडीवर चालतं. त्याचं नाव, गॅरेजचं नाव, दुकानांची नावं देत नाही कारण त्याने मुद्दा काही बदलत नाही. मी टूलरूममध्ये मापं घ्यायचं काम करतो आणि मालक माझा जुना शेजारी, त्यामुळे हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग, उतरवल्यावर त्याने मला बोलावलं, तिथून पुढचं सगळं मी जवळून बघितलेलं आहे.

हे इंजिन ९९८ सीसी, तीन सिलेंडर, बारा व्हॉल्व्ह, वर दोन कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे फिरते दांडे. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचाच, आत फक्त लायनर, म्हणजे सिलेंडरची अस्तरं, लोखंडाची. ब्लॉक म्हणजे हेडखालचा, सिलेंडर असलेला भाग. कॅमशाफ्टला वेगळे बेअरिंग नाहीत, हेडचंच अ‍ॅल्युमिनियम आणि वरच्या कॅप्स मिळून बेअरिंग होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचा जवळपास प्रत्येक निर्णय हिच्याभोवतीच फिरला.

बिघाड कसा झाला

रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या शिवणीतून बरेच दिवस थोडं थोडं कुलंट झिरपत होतं. मालक वर नळाचं पाणी घालत राहिला, बहुतेक सगळे हेच करतात. मे महिन्यात दुपारी चार पॅसेंजर घेऊन साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढताना गाडीची ताकद गेली. तापमानाचा लाल दिवा उशिरा लागला, आणि त्याचं कारण असं की पाणीच उरलं नाही तर सेन्सर पाण्यात बुडालेला राहत नाही, वाफेत लटकतो, त्याला खरी गरमी कळतच नाही. दिवा लागल्यावरही वळणावर थांबायला जागा नव्हती म्हणून तो आणखी थोडा पुढे गेला. थांबल्यावर कुणीतरी मदत म्हणून बाटलीभर गार पाणी इंजिनवर ओतलं.

गाडी टो करून परत आणली. गॅरेजमध्ये बघितलं तर ऑइल कॅपच्या आत दुधी साय (ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची खूण), सुरू केल्यावर तीनपैकी एक सिलेंडर मिस, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं सील, गेलंय यात शंका नव्हती. प्रश्न होता तो हेडचं काय झालंय याचा.

गॅरेजवाल्या मिस्त्रीने एक काम चांगलं केलं. इंजिन रात्रभर पूर्ण गार होऊ दिलं आणि हेडचे बोल्ट बाहेरून आत असे थोडे थोडे ढिले करत सोडले. गरम हेडचे बोल्ट एकदम सोडले तर जो बाक नव्हता तोही येतो.

मग स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावला. खालच्या तोंडावर, म्हणजे ब्लॉकवर टेकणाऱ्या सपाट बाजूवर, मधोमध ०.२० मिमीची पट्टी आत जात होती, म्हणजे गॅरेजच्या भाषेत आठ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). साधारण ०.०५ मिमी, दोन थाऊ, एवढ्यापर्यंत चालतं. ब्लॉकचं तोंडही तपासलं, तिथे ०.०३ होतं, म्हणजे ब्लॉक वाचला. ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचा असताना तो न तपासता फक्त हेडवर पैसे घालणारे मी बघितलेत म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

हेड का वाकतं

अ‍ॅल्युमिनियम गरम झाल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. हेड फुगायला बघतं आणि स्टीलचे बोल्ट त्याला जाम धरून ठेवतात. नेहमीच्या तापमानाला हे सगळं हिशोबात धरलेलं असतं, पण पाणी नसताना एक्झॉस्टच्या बाजूला आणि मधल्या सिलेंडरपाशी धातू इतका तापतो की तो मऊ पडून दबतो, मग गार झाल्यावर आधीचा आकार परत येत नाही. आणि वाकतं ते अख्खं हेड. खालचं तोंड वाकलं म्हणजे वरची कॅमशाफ्टची रेषाही वाकली. खाली फेसिंग मारून, म्हणजे मशीनवर पातळ थर कापून, तोंड सपाट झालं तरी वरची रेषा वाकडीच राहते, आणि तिथे कॅम आणि अ‍ॅल्युमिनियममधली फट मिमीच्या काही शतांशांची असते. अशा हेडमध्ये कॅमशाफ्ट घट्ट फिरतो, मधल्या कॅपवर तेलाचा पापुद्रा फाटतो आणि काही महिन्यांत कॅमशाफ्ट तरी अडकतो किंवा तुटतो. तेव्हा मालकाला सांगितलं जातं की ऑइल खराब होतं. मला या प्रकाराची फार चीड आहे, कारण माणूस दुसऱ्यांदा पैसे देतो आणि खरं कारण त्याला कळतच नाही.

समोरचे पर्याय

कंपनीचं नवीन हेड हा सगळ्यात निर्धास्त रस्ता, पण त्याचा भाव ऐकून मालक गप्पच बसला, कारण त्यावर व्हॉल्व्ह, सील, गॅस्केट किट आणि मजुरी वेगळी. जुन्या बाजारातलं सेकंडहँड हेड स्वस्त मिळत होतं. पण ते कुठल्या गाडीचं, किती तापलेलं, का निघालं हे सांगणारं कुणी नाही, आणि तेही मशीन शॉपमध्ये न्यावं लागणारच, मग आपलं काय वाईट? नुसता पॉलिश पेपर घासून नवीन गॅस्केट टाकायचा पर्याय ०.२० मिमी बाक बघितल्यावर बादच झाला. उरलं आपलंच हेड नीट करून घेणं. त्यासाठी दुकान कोणतं, इथे खरी कसोटी होती.

मालकाची घाई मला समजत होती. गाडी उभी म्हणजे रोजचा धंदा बंद. तो म्हणाला, "दादा, परवा गाडी रस्त्यावर पाहिजे." मी त्याला एवढंच म्हटलं की आधी दुकानं बघू, भाव सगळ्यात शेवटी विचारू.

तीन दुकानं

पहिलं दुकान पुण्याच्या पेठेतलं, गॅरेजवाल्याच्या नेहमीच्या ओळखीचं. काम भरपूर, बहुतेक डिझेल गाड्यांची लोखंडी हेडं आणि ब्लॉक. भाव अडीच हजार, संध्याकाळी घेऊन जा. मी धुवायची टाकी बघायला मागितली तर कॉस्टिक सोड्याची गरम टाकी. लोखंडाला ती एकदम बरोबर आहे, ग्रीस आणि काजळी खाऊन टाकते, पण कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमलाही खातं, तोंडं काळी पडतात, खड्डे पडतात. विचारलं अ‍ॅल्युमिनियम हेडही यातच का, तर "पाच मिनिटं फक्त बुडवतो" असं उत्तर आलं. क्रॅक कसा बघता विचारल्यावर मॅग्नेटिक टेस्ट म्हणाले. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक लागत नाही, त्यावर ती टेस्ट होऊच शकत नाही. माणसं कष्टाळू होती, लोखंडी कामात चांगलीही असतील, पण आपलं हेड तिथे द्यायचं नाही हे मी दहा मिनिटांत ठरवलं.

दुसरं दुकान भोसरी एमआयडीसीतलं, सीएनसी मिलिंगवालं, माझ्या कामाच्या ओळखीतलं. स्वच्छता उत्तम, मशीन उत्तम, तोंडाची फिनिश हवी तेवढी देतील. या इंजिनला मल्टी लेअर स्टीलचं गॅस्केट लागतं आणि त्याला तोंड गुळगुळीत पाहिजे, ०.८ मायक्रॉन आरएच्या (आरए म्हणजे खरबरीतपणाचं सरासरी माप) आसपास किंवा त्याहून चांगलं, कारण स्टीलचे थर जुन्या कंपोझिट गॅस्केटसारखे ओरखडे भरून काढत नाहीत. या बाबतीत भोसरीवाले तिघांत सगळ्यात पुढे होते. माझं मन तिकडेच ओढत होतं, ही माझ्या रोजच्या कामाची भाषा आहे.

पण त्यांनी हेड टेबलवर कसं धरणार ते दाखवलं तेव्हा लक्षात आलं. ते क्लॅम्पने दाबून धरणार होते. वाकलेला भाग दाबून सपाट केला आणि मग कापला तर मशीनवर डायल शून्य दाखवतो, क्लॅम्प सोडला की भाग परत आपल्या बाकात उडतो. शिवाय त्यांच्याकडे व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो ते) कापायचं मशीन नव्हतं, गरम पाण्यातली प्रेशर टेस्ट नव्हती, आणि कॅमच्या रेषेबद्दल विचारल्यावर म्हणाले, "ड्रॉइंग द्या, करून देतो." ड्रॉइंग आम्ही कुठून आणणार? मशीन चांगलं असलं तरी हेडचं दुकान वेगळी गोष्ट आहे.

तिसऱ्या दुकानाचं नाव कोल्हापूरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने दिलं. कोल्हापूरच्याच उद्यमनगरात, छोटं, फक्त इंजिनचीच कामं. उद्यमनगर आणि आजूबाजूला फौंड्री आणि मशीन शॉपची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे, त्यामुळे ओतीव धातूचा स्वभाव ओळखणारी माणसं तिथे अजून भेटतात. फोनवर मी काही विचारायच्या आधी तिथल्या काकांनीच विचारायला सुरुवात केली. किती वेळ हीटमध्ये चालली? गार पाणी ओतलं का? बोल्ट गार असताना सोडले ना? सीएनजीवर किती चालली? मी भाव विचारला तर म्हणाले, "भाव टेस्ट झाल्यावर. हेड फुटलं असेल तर मी तुमच्याकडून फेसिंगचे पैसे कशाला घेऊ? आणि नुसतं हेड पाठवू नका, दोन्ही कॅमशाफ्ट, सगळ्या कॅप्स आणि टॅपेट पण पाठवा, नंबर टाकून."

टॅपेट म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधली टोपी. कॅमशाफ्ट मागणारं हे एकमेव दुकान. मला तिथेच उत्तर मिळालं होतं.

पहिला निर्णय: आधी फक्त तपासणी

अडचण होती अंतराची आणि वेळेची. पुण्याहून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर, आणि काका आठवडा मागत होते. मालकाला आठवडाभराचा धंदा बुडणं परवडणारं नव्हतं. शेवटी आम्ही काम दोन टप्प्यात तोडलं. आधी फक्त धुणं, प्रेशर टेस्ट आणि मापं, त्याचे वेगळे हजार रुपये. त्यात हेड फुटलेलं निघालं तर तिथेच थांबायचं आणि कर्ज काढून का होईना नवीन घ्यायचं. मालकाला हे पटलं कारण त्याचा मोठा पैसा अजून अडकत नव्हता. दरम्यान त्याने भावाची गाडी काही दिवस चालवायला घेतली, त्याने ताण बराच कमी झाला.

पाठवण्याआधी मी भोसरीत एका हीट ट्रीटमेंटवाल्याकडे हेडच्या कडेला, जिथे काही बसत नाही अशा जागी, ब्रिनेल कडकपणा (धातू किती कडक आहे त्याचं माप) तपासून घेतला. नुसता आकडा बघून काही कळलं नसतं म्हणून भंगारातलं त्याच मॉडेलचं एक हेड, जे टायमिंग चेन (कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) तुटून निघालं होतं, तापून नाही, ते शेजारी ठेवून त्याचंही माप घेतलं. आमचं हेड थोडं मऊ निघालं पण फार नाही. फार मऊ असतं तर बोल्टच्या डोक्याखाली धातू दबत राहतो, टॉर्क म्हणजे आवळण्याचा जोर टिकत नाही, आणि असं हेड कुणीही कितीही छान बनवलं तरी पुन्हा गॅस्केट उडवतं. तसं निघालं असतं तर कोल्हापूरला पाठवलंच नसतं.

तपासणीत काय निघालं

काकांकडे अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळं डिटर्जंटचं गरम पाण्याचं मशीन होतं. धुतल्यावर पाण्याच्या भोकांभोवती खड्डे दिसले, नळाचं पाणी वर्षानुवर्षं घातल्याचा परिणाम. मग पाण्याची सगळी तोंडं रबर आणि प्लेट लावून बंद केली, आत हवा भरली आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवलं. गरमच का, तर बारीक चीर गार असताना मिटलेली असते, धातू फुगला की उघडते. एक बुडबुड्यांची ओळ आली, पण ती वेल्श प्लगच्या (हेडमधलं भोक बंद करणाऱ्या बुचाच्या) कडेने. प्लग बदलून पुन्हा टेस्ट केली, बंद. एक्झॉस्ट सीटांच्या मधल्या पट्ट्या डाय पेनिट्रंटने (चिरेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाने) बघितल्या, चीर नव्हती. गार पाणी ओतलेलं असूनही हेड फुटलं नव्हतं.

मग त्यांनी व्हॉल्व्ह काढून टाकून रिकाम्या हेडमध्ये कॅमशाफ्ट ठेवला, कॅप्स बरोबर टॉर्कला आवळल्या आणि मला व्हिडिओवर दाखवलं. कॅमशाफ्ट हाताने फिरत नव्हता. मधली कॅप सोडली की फिरायचा. ही टेस्ट करायला कुठलंही महागडं मशीन लागत नाही, आणि तरी ती किती कमी ठिकाणी होते.

सहाही एक्झॉस्ट सीटा खोल गेलेल्या होत्या. सीएनजी कोरडं इंधन, सीटवर वंगण काहीच नाही, त्यात गाडी टॅक्सीची.

दुसरा निर्णय: सरळ करायचं की लाइन बोअर मारायचं

इथे काकांनी दोन रस्ते ठेवले. एक, खाली फेसिंग मारायचं आणि वर कॅप्सची तोंडं थोडी कापून कॅमची भोकं नव्याने एका रेषेत बोअर करायची, हेच लाइन बोअर. दोन, जाड स्टीलच्या प्लेटवर हेड बांधायचं, दोन्ही टोकांखाली पातळ शिम (धातूच्या चकत्या), मध्ये बोल्टने हळूहळू ओढायचं, भट्टीत दोनशे अंशांच्या थोडं वर काही तास ठेवायचं आणि भट्टीतच गार होऊ द्यायचं. म्हणजे अख्खं हेड सरळ होतं, खाली आणि वर दोन्हीकडे, आणि मग फेसिंग नावापुरतंच.

माझी शंका भट्टीबद्दल होती. हे हेड उष्णतेनेच कडक केलेलं असतं, त्या तापमानाच्या वर पुन्हा काही तास ठेवलं तर आणखी मऊ पडणार. काकांनी ते मान्य केलं, टाळाटाळ नाही केली. म्हणाले, "थोडं मऊ होतंय, हे खरं हाय. पण लाइन बोअर मारलं की कॅम खाली येतोय, चेन ढिली पडते, आणि परत कधी काम काढलं तर मग हेडात काही उरत नाही." आधीचा कडकपणाचा आकडा हातात होता, त्यात थोडी जागा होती, म्हणून आम्ही भट्टीचा रस्ता घेतला. कडकपणा आधीच कमी असता तर मी उलट निर्णय घेतला असता.

फेसिंगने कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) वाढेल म्हणून लोक घाबरतात, त्याचा हिशोबही मी केला होता. ७३ मिमी बोअरवर पूर्ण ०.२० मिमी काढलं तरी सिलेंडरमागे एक सीसीही कमी होत नाही, १० चं कॉम्प्रेशन फार तर १०.२ होतं. सीएनजीला तर ते जाणवतही नाही. या इंजिनात भीती कॉम्प्रेशनची नाहीच.

काम

सरळ झाल्यावर कॅमशाफ्ट बोटाने फिरला. प्रेशर टेस्ट पुन्हा घेतली, कारण सरळ करतानाही चीर उघडू शकते. झिजलेल्या एक्झॉस्ट गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या), हेड शंभर अंशांच्या आत एकसारखं गरम करून काढल्या आणि नवीन बसवल्या. गार हेडमध्ये हातोड्याने गाईड ठोकली तर भोक ओरबाडून निघतं. सहाही एक्झॉस्ट सीटा सीएनजीला चालणाऱ्या कडक धातूच्या नवीन टाकल्या, गाईडवर सेंटर धरून तीन कोनांत कापल्या, आणि व्हॅक्यूम लावून व्हॉल्व्ह त्यांवर घट्ट बसतात का ते बघितलं. नुसत्या लॅपिंगच्या (घासून बसवायच्या) पेस्टवर भागवलं नाही.

सीट कापल्यावर व्हॉल्व्हची दांडी वर किती येते ते मोजून घेतलं. या इंजिनात कॅमखालची फट जुळवायला शिम नाहीत, वेगवेगळ्या जाडीचे टॅपेट निवडावे लागतात, म्हणून टॅपेट सोबत मागवले होते ते इथे उपयोगी पडलं. सगळ्यात शेवटी तोंडाचं फेसिंग, ०.०६ मिमी, तेवढ्यात पाण्याचे बहुतेक खड्डे पण गेले. दोन खड्डे जरा खोल राहिले, पण ते गॅस्केटच्या सीलिंग रिंगपासून लांब होते म्हणून आर्गन वेल्डिंग टाळलं.

मापांचा कागद हेडसोबत आला, हाताने लिहिलेला, आधीचं आणि नंतरचं.

परत आल्यावर कडकपणा पुन्हा तपासला, अजून थोडा उतरला होता पण चालण्याजोगा. गॅरेजमध्ये नवीन बोल्ट, ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेने कोरडी करून, आधी ठरलेल्या टॉर्कला आणि मग ठरलेल्या अंशांत फिरवून आवळले. भोकात पाणी किंवा ऑइल साचलं असेल तर बोल्ट पिचकारीसारखा दाबतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक फुटतो. गॅस्केटला काहीही लेप लावला नाही. रेडिएटर आणि थर्मोस्टॅट नवीन, पाण्याऐवजी योग्य कुलंट.

निकाल

मशीन शॉपचा खर्च पहिल्या दुकानाच्या भावाच्या चौपटीच्या आसपास गेला, तरी नवीन हेडच्या एकूण खर्चाच्या निम्म्याहून कमी. धंदा आठवड्याहून थोडा जास्त बुडाला. गाडी पुढच्या उन्हाळ्यात त्याच घाटातून भरलेली चढली, कुलंटची पातळी हलली नाही.

एक त्रास मात्र आला. काही आठवड्यांनी हेडच्या पुढच्या कोपऱ्यातून ऑइल झिरपायला लागलं. वरचं झाकण हेडवरही बसतं आणि चेन कव्हरवरही. फेसिंगने हेड ०.०६ मिमी खाली आलं, कव्हर होतं तिथेच राहिलं, आणि तिन्ही भाग भेटतात त्या कोपऱ्यात पायरी झाली. कोपरा साफ करून सीलंट नीट भरल्यावर बंद झालं.

वेगळं काय करता येईल

ती पायरी आधीच मोजून ठेवता येते, चेन कव्हर आणि हेड एकत्र बसवून बोटाने चाचपलं तरी कळते, मग झाकण एकदाच बसवावं लागतं. कडकपणाची टेस्ट हेड उतरवल्याच्या दिवशीच करावी, दुकानं शोधायच्या आधी, कारण हेड मऊ असेल तर शोधायची गरजच नाही. दुकानाशी फोनवर बोलताना भाव न विचारता फक्त एवढं विचारावं की सोबत आणखी काय पाठवू. कॅमशाफ्ट आणि कॅप्स मागितल्या तर पुढे बोलायचं.

तपासणीचे पैसे वेगळे ठरवणं हे मी प्रत्येक वेळी करीन. त्याने मालकाला नाही म्हणायची जागा राहते आणि दुकानदारालाही फुटलेल्या हेडवर काम ओढायचा मोह राहत नाही.

आणि सीटा नवीन असल्या तरी सीएनजीवर त्या पुन्हा खोल जाणारच, म्हणून मालकाने टॅपेटचं क्लिअरन्स (कॅम आणि टॅपेटमधली फट) दर मोठ्या सर्व्हिसला मोजून घ्यायचं ठरवलंय. पहिल्या मोजणीत दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं क्लिअरन्स किंचित कमी निघालं, मर्यादेत आहे, तो आकडा त्याने काकांच्या त्याच कागदावर खाली लिहून ठेवलाय.